सहलीचे खाते

व्यापारी घराण्याच्या कीर्द-खतावणीत प्रत्येक खर्चाला स्वतंत्र खाते असते. दुकानभाडे, हमाली, वीज, नोकरांचा पगार, धर्मादाय, लग्नकार्य, औषधोपचार या सर्वांची पाने वेगळी असतात. दिवाळीच्या वहीपूजनात नवी वही उघडली की ही नावे ओळीने मांडली जातात. त्यांत सहलीचे नाव मी क्वचितच पाहिले. बँकेत कर्जप्रकरणे तपासताना शेकडो व्यापाऱ्यांच्या वह्या माझ्या हातांखालून गेल्या. कुटुंबाच्या विश्रांतीवर झालेला खर्च 'किरकोळ' या सदराखाली कोठेतरी लपलेला असे. जणू तो सांगण्याजोगा खर्चच नव्हे.

याचे कारण आपल्या जीवनपद्धतीत आहे. पगारदार माणसाला सुट्टी मिळते. व्यापाऱ्याला ती घ्यावी लागते, आणि ती घेताना गल्ल्याकडे पाहावे लागते. हा भेद मी माझ्याच घरी फार जवळून पाहिला आहे. खामगावात आमचे वडिलोपार्जित कापडाचे दुकान आहे. आम्ही दोघे भाऊ. दादांनी मॅट्रिकनंतर गादी सांभाळली, मी एम. कॉम. करून १९८२ मध्ये बँकेत लागलो. बँकेने मला रजा दिली, आणि प्रवासासाठी 'एल.एफ.सी.' म्हणजे रजा-प्रवास सवलतही दिली. चार वर्षांच्या गटात ठरावीक अंतराचे भाडे बँक देत असे. त्या सवलतीवर मी पत्नी व मुलांसह कन्याकुमारी पाहिली, श्रवणबेळगोळ पाहिले, राजस्थान पाहिले. अशा दोन प्रवासांना दादांनी आपली मुले स्वखर्चाने आमच्यासोबत पाठविली. स्वतः दादा मात्र लग्नकार्य आणि माल-खरेदी वगळता गाव सोडून गेल्याचे मला आठवत नाही. त्यांनी त्याबद्दल कधी तक्रार केली नाही. दुकान बंद ठेवणे त्यांच्या कल्पनेतच बसत नव्हते.

पुढे माझा मुलगा पदवी घेऊन आजोबांच्या दुकानात बसला, तेव्हा आम्हां सर्वांना आनंद झाला. व्यापार घरात राहिला. परंतु त्याच्याबरोबर व्यापाऱ्याचे वेळापत्रकही घरात आले. सकाळी नऊला गेलेला मुलगा रात्री साडेनऊला परते. साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी तो उधारीच्या वसुलीला खेड्यांवर जाई. नातू साडेपाच वर्षांचा. सकाळी तो शाळेच्या गाडीत बसे तेव्हा वडील आंघोळीला असत आणि रात्री वडील जेवत तेव्हा तो झोपलेला असे.

गेल्या वर्षी सूनबाईंनी जेवणाच्या वेळी शांतपणे विषय काढला. चार दिवस कोठेतरी जाऊ या, एवढेच त्यांचे म्हणणे होते. मुलाच्या एका मित्राने नुकतीच परदेशाची सहल केली होती, त्यामुळे चर्चा आपोआप तिकडे वळली. तिघांचा खर्च दोन लाखांच्या घरात जाणार होता. वर्ष काही बरे नव्हते. आमचे गिऱ्हाईक मुख्यतः शेतकरी. कापसाला भाव नसला की कापडाची उधारी थकते. मुलगा म्हणाला, "वैयक्तिक कर्ज मिळते आहे, तीन वर्षांत फिटेल."

मी कागद घेतला आणि बँकेतल्या सवयीने आकडे मांडले. दोन लाख रुपये, व्याजदर १२ टक्के, मुदत तीन वर्षे. मासिक हप्ता सुमारे ६,६४३ रुपये. एकूण परतफेड २,३९,००० रुपयांहून थोडी अधिक. म्हणजे ३९,००० रुपये केवळ व्याज. पाच दिवसांच्या आनंदासाठी छत्तीस हप्ते. नातू तिसरीत जाईपर्यंत ते चालले असते. व्यापारासाठी घेतलेले कर्ज मालाच्या रूपाने फडताळात दिसते, घरासाठी घेतलेले कर्ज भिंतींच्या रूपाने उभे असते. सहलीच्या कर्जामागे असे काहीच उभे राहत नाही. सेवेत असताना अशा कर्जांचे थकीत हप्ते मागताना समोरच्या माणसाचा चेहरा कसा होतो, ते मी पाहिले आहे.

सूनबाई म्हणाल्या, "बाबा, मला परदेश नको आहे. यांचा फोन वाजणार नाही असे चार दिवस हवे आहेत." खरी मागणी ही होती. तिला व्याज लागत नव्हते. पण दुकानाच्या दृष्टीने तीच अधिक महाग होती.

मग आम्ही तीन गोष्टी ठरविल्या: केव्हा जायचे, कोठे जायचे आणि किती खर्चायचे.

केव्हा, याचे उत्तर दुकानानेच दिले. उन्हाळ्याच्या सुट्टीत आपल्या भागातला पारा पंचेचाळिशीकडे जातो, आणि तो लग्नसराईचा काळ. दिवाळीच्या सुट्टीत कापड व्यापारी दुकान सोडण्याचा विचारही करू शकत नाही. राहिला पितृपक्ष. त्या पंधरवड्यात लोक नवी खरेदी टाळतात. कापडबाजार वर्षातला सर्वांत मंद असतो. आपले पर्युषण पर्व आटोपलेले असते, पाऊस ओसरू लागलेला असतो आणि निवासाचे दरही उतरलेले असतात. नातू बालवर्गात; शनिवार-रविवार धरून दोनच दिवसांची रजा लागत होती, ती शाळेने सहज दिली.

कोठे, याचे उत्तर माझ्या पत्नीच्या नियमाने दिले. तिने चातुर्मासापुरते दिग्व्रत घेतले होते; बुलढाणा जिल्ह्याची सीमा ओलांडायची नाही, असा तिचा संकल्प होता. मुलाला वाटले, आता सहल संपलीच. जिल्ह्यात पाहण्यासारखे काय आहे? हा प्रश्न आपल्यापैकी अनेकांच्या मनात असतो. जगभरातून अभ्यासक ज्या लोणारला येतात, तेथे खामगावचा माणूस पन्नास वर्षांत एकदाही गेलेला नसतो. ज्या सिंदखेड राजात जिजाऊसाहेबांचा जन्म झाला, तेथून आपण जालन्याला माल आणायला जाताना खिडकीतून पाहत पुढे जातो. तेव्हा लोणार व सिंदखेड राजा ही दोन ठिकाणे निश्चित झाली आणि परतीच्या वाटेवर देऊळगाव राजा येथे मंदिरात दर्शन घ्यायचे ठरले.

किती, हे मी ठरविले. घरात महिना १,००० रुपयांची एक आवर्ती ठेव नुकतीच पक्व झाली होती. तिचे मुद्दल १२,००० रुपये. त्यापुढे एक रुपयाही जायचा नाही.

राहिला दुकानाचा प्रश्न. चार दिवस दुकान बंद, हे ऐकून दादा काहीच बोलले नाहीत. त्यांचे वय एकाहत्तर. गेली चार वर्षे ते दुकानात फक्त संध्याकाळी तासभर बसतात. निघण्याच्या आदल्या दिवशी त्यांनी मुलाकडून किल्ल्या मागून घेतल्या. "पितृपक्षात गिऱ्हाईक किती येते, मला ठाऊक आहे. मी बसतो," एवढेच म्हणाले.

प्रवास आम्ही एसटीने केला. त्यातला हिशेब वाचकांना उपयोगी पडेल म्हणून सांगतो. पासष्ट वर्षे पूर्ण झालेल्या ज्येष्ठांना एसटीत अर्धे तिकीट आहे आणि पंचाहत्तरीनंतर प्रवास विनामूल्य. ही योजना ऑगस्ट २०२२ पासून आहे. मार्च २०२३ पासून महिलांनाही अर्धे तिकीट लागते. पाच ते बारा वर्षांच्या मुलांना अर्धे तिकीट पूर्वीपासूनच आहे. म्हणजे मी अर्धा, पत्नी अर्धी, सूनबाई अर्ध्या, नातू अर्धा. पूर्ण तिकीट एकट्या मुलाचे. पाच माणसे आणि तीन तिकिटांचे भाडे. वाहकाने हिशेब केला तेव्हा नातवाने विचारले, "पप्पाच फक्त पूर्ण आहेत का?" सगळी गाडी हसली.

प्रवास दिवसाच करायचा, हा नियम आम्ही पाळला. सूर्यास्तापूर्वी भोजन करणाऱ्या कुटुंबाला ते सोयीचेच असते. पण लहान मूल सोबत असताना ते शहाणपणाचेही आहे. १ जुलै २०२३ रोजी मध्यरात्रीनंतर समृद्धी महामार्गावर सिंदखेड राजाजवळ खासगी बस पेटून पंचवीस जीव गेले. आपल्या जिल्ह्यात ती पहाट अजून कोणी विसरलेले नाही. एक दिवस वाचावा म्हणून रात्र प्रवासात घालविण्याची आजची पद्धत मला पटत नाही.

शिदोरीची जबाबदारी पत्नी व सूनबाई यांनी वाटून घेतली. दशम्या, खाखरे, भाजलेल्या डाळ-तांदळाचा खिचडीसाठी रवाळ भरडा, शेंगदाण्याची कोरडी चटणी, राजगिऱ्याचे लाडू, आणि पाणी उकळण्यासाठी विजेची किटली. लहान मुलाच्या सहलीत आजारपण येते ते बहुधा पाण्यातून व उघड्यावरच्या खाण्यातून. आपल्या घरांत उकळलेल्या, गाळलेल्या पाण्याची जी रीत आहे, ती प्रवासात मुलासाठी सर्वांत स्वस्त औषध ठरते. एका वेळचे जेवण बाहेर घेत असू. लोणारच्या खाणावळवाल्या ताईंना सकाळी सांगून ठेवले की त्या कांदा-लसूण न घालता पिठले आणि ज्वारीची गरम भाकरी सव्वासहाच्या आत वाढत. नातवाने घरी कधी न मागितलेली दुसरी भाकरी तेथे मागितली.

लोणारचे सरोवर म्हणजे बेसाल्टच्या खडकात उल्काघाताने पडलेला सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचा खळगा. पाणी खारे आणि अल्कधर्मी. जून २०२० मध्ये ते एकाएकी गुलाबी झाले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने त्याचे कारण क्षारप्रिय सूक्ष्मजीव असल्याचे सांगितले. त्याच वर्षी सरोवराला 'रामसर' पाणथळ स्थळाचा दर्जा मिळाला. काठावर उभे राहून मी ही सर्व माहिती नातवाला सोप्या शब्दांत सांगितली. त्याचा प्रश्न एकच होता, "मग तो दगड कोणाच्या घरावर पडला का?" त्याला पाणी गुलाबी नसल्याचे वाईट वाटले, पण धारेच्या गोमुखातून अखंड पडणारे पाणी पाहून तो अर्धा तास तेथून हलला नाही. दैत्यसूदन मंदिराच्या भिंतींवरच्या मूर्तींत त्याने हत्ती शोधले. या सर्वांसाठी पैसे फारसे लागले नाहीत, वेळ मात्र लागला. लहान मुलाच्या सहलीत दिवसाला एकच ठिकाण पुरे होते, हे मी माझ्या मुलांच्या वेळेपासून पाहत आलो आहे. मोठ्यांना यादी पुरी करायची असते. मुलाला एका ठिकाणी रमायचे असते.

आता या सहलीतली जी गोष्ट माझ्या मनात घर करून आहे, ती सांगतो. लोणारच्या मुक्कामी दुसऱ्या दिवशी सकाळी पाऊस होता. सकाळचे साडेदहा वाजले तरी आम्ही निवासातच होतो. मुलगा व्हरांड्यातल्या खुर्चीवर पाय वर घेऊन नुसता बसला होता. नातू त्याच्याकडे बराच वेळ पाहत राहिला आणि मग आत येऊन हळूच म्हणाला, "आजी, पप्पांना बरं नाही का?"

पत्नीला क्षणभर अर्थ लागला नाही. मग उमगले. त्याच्या साडेपाच वर्षांत पप्पा सकाळी साडेदहाला घरी दिसले होते ते फक्त टायफॉइडच्या आजारात. काम न करता बसलेले वडील म्हणजे आजारी वडील, एवढेच समीकरण त्याला ठाऊक होते.

खिडकी उघडी होती. मुलाने ते ऐकले. तो काही बोलला नाही. थोड्या वेळाने आत आला, नातवाला खांद्यावर घेतले आणि दोघे पावसात बाहेर पडले. तासाभराने परतले तेव्हा दोघांचेही कपडे चिखलाने भरले होते. सूनबाईंनी रागावण्यासाठी तोंड उघडले आणि तसेच मिटले.

त्या दुपारी मुलाने सवयीने दुकानात फोन लावला आणि एका थानाचा भाव सांगू लागला. पलीकडून दादांचा आवाज आम्हां सर्वांना ऐकू आला, "भाव मला माहीत आहेत. फोन ठेव." त्यानंतर परत येईपर्यंत त्याने दुकानात फोन केला नाही.

सिंदखेड राजात आम्ही लखुजीराव जाधवांचा राजवाडा पाहिला. १२ जानेवारी १५९८ हा जिजाऊंचा जन्मदिवस. त्या दिवशी तेथे मोठी गर्दी लोटते. पितृपक्षातल्या त्या दुपारी मात्र आम्ही आणि आणखी एक कुटुंब एवढेच होतो. मोती तलावाच्या काठी बसून पत्नीने नातवाला छोट्या जिजाऊची गोष्ट सांगितली. मुलगा शेजारी बसून ऐकत होता. हीच गोष्ट तिने त्याला तो लहान असताना सांगितली होती. मध्येच एक तपशील गळाला तेव्हा तो त्यानेच पुरविला.

परत आल्यावर मी हिशेब लिहिला. एसटीचे भाडे १,३९५ रुपये, रिक्षा व स्थानिक प्रवास १,१५०, तीन रात्री दोन खोल्या ५,४००, घरून नेलेल्या शिदोरीचे सामान १,३१०, बाहेरचे जेवण, दूध व फळे १,८४५, किरकोळ ७९०. एकूण ११,८९० रुपये. शिल्लक ११० रुपये. किरकोळ खर्चात नातवाला दिलेले २०० रुपये धरले आहेत. ते त्याच्या हाती देऊन एक छोटी वही दिली होती. जे घेशील ते आईकडून लिहून घ्यायचे. त्याने फुगा, दोन पेन्सिली आणि एक लाकडी भोवरा घेतला. उरलेले ९० रुपये तो रोज मोजत असे. ज्या मुलाला पुढे गादीवर बसायचे आहे, किंवा नसेलही बसायचे, त्याला पैसा संपतो हे कळावे. सहलीत ते सहज कळते, कारण तेथे एक घेतले की दुसरे राहते.

दुकानाचेही सांगितले पाहिजे. दादांनी चार दिवसांची विक्री कागदावर लिहून ठेवली होती. ती मागल्या वर्षीच्या त्याच दिवसांपेक्षा थोडी कमी होती. दादांना आता वरच्या फळीवरचे ठाण काढवत नाही. म्हणजे तोटा झाला, पण तो सोसण्याजोगा होता. परतल्यावर मुलाने दोन बदल केले. साप्ताहिक सुट्टीची वसुली आता तो महिन्यातून एकदाच करतो आणि बाकीच्या उधारीसाठी फोनवर तगादा लावतो. बुधवारी तो संध्याकाळी सातला घरी येतो; शेवटचे दोन तास दुकानातला जुना मुनीम पाहतो. बुधवार निवडला कारण आमच्याकडे त्या दिवशी गिऱ्हाईक कमी असते. भावनेच्या भरात घेतलेला निर्णय दिवाळीच्या गर्दीत टिकत नाही. हिशेब पाहून घेतलेला टिकतो.

वाचकांपैकी अनेकांची दुकाने आमच्याहून मोठी असतील, अनेकांची लहान. ज्यांना परदेश परवडतो त्यांनी जरूर जावे. त्यात गैर काही नाही. ज्यांना परवडत नाही त्यांनी कर्ज काढून जाऊ नये, आणि परवडत नाही म्हणून घरीही बसू नये. महिना पाचशे किंवा हजार रुपयांची आवर्ती ठेव, आपल्या धंद्यातला मंदीचा पंधरवडा आणि आपल्याच जिल्ह्याचा नकाशा एवढे भांडवल सहलीला पुरते. किराणा, धान्य, सराफी, औषधे, कृषी साहित्य, ज्याच्या त्याच्या धंद्याची मंदी निराळी. ती प्रत्येकाला आपल्या वहीत सापडेल. आणि घरात एखादे दादा असतील, तर त्यांना एकदा विचारून पाहावे. चार दिवस गादीवर बसण्यात त्यांना कदाचित आनंदच वाटेल.

यंदा आमच्या वहीत 'सहल' असे स्वतंत्र पान घातले आहे. पहिली नोंद छोटीच असणार आहे. खामगावहून जलंबपर्यंत रेल्वेचा जेमतेम तेरा किलोमीटरचा फाटा आहे. १८७० मध्ये खामगावच्या कापूसबाजारासाठी तो टाकला गेला. नातवाला त्या छोट्या गाडीतून जलंबला आणि तेथून शेगावला न्यायचे ठरले आहे. एका दिवसात परत. या वेळी मी दादांनाही चला म्हटले आहे. दुकानाला तो सुट्टीचा दिवस असल्याने नाही म्हणायला त्यांच्याकडे कारण उरलेले नाही. ते अजून 'पाहू' म्हणत आहेत. पण परवा त्यांनी नातवाला गाडी किती वाजता सुटते ते विचारले.